नाइटनंतरचे दोन दिवस : गोव्यातल्या रेसिडेंट डॉक्टरने मित्रांबरोबरची सुट्टी कशी आखावी

गोव्यात, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात, पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) नंबर लागला की गावाकडचे सगळे एकच म्हणतात, “मजा आहे बाबा तुझी, रोज समुद्र!” पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे शिकता-शिकता वॉर्डात काम करणारा डॉक्टर, मात्र वॉर्ड, कॅज्युअल्टी, मेस आणि हॉस्टेलची खोली एवढ्याच चौकोनात फिरत असतो. मग कधीतरी शनिवार-रविवार जोडून मोकळा मिळतो. त्याच वेळी पुण्या-नाशिकचे जुने मित्र गाडी काढून येतात आणि दोन दिवसांत अख्खा गोवा बसवायचा घाट घातला जातो. सोमवारी राउंडला उभा राहणारा डॉक्टर शुक्रवारपेक्षाही जास्त दमलेला असतो.

हे लिहिलंय ते त्या डॉक्टरसाठी, आणि त्याला भेटायला येणाऱ्या मित्रांसाठीही. घरापासून लांब राहून नोकरी-शिक्षण एकत्र करणाऱ्या माणसाची सुट्टी आखताना आधी झोप धरावी, मग माणसं आणि सगळ्यात शेवटी ठिकाणं. बहुतेक बेत ठिकाणांपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात.

पहिलं काम : सुट्टी कागदावर आणा

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत रेसिडेंटला आठवड्याला एक सुट्टी (कामाची निकड पाहून) आणि वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा दिलेली आहे. त्याआधी १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, असंही म्हटलं होतं. हे वाचून रोस्टर आपोआप बदलत नाही, पण रजा मागताना आपण उपकार मागतोय अशा सुरात बोलायची गरज नाही एवढं तरी ठरतं.

मागायचं कसं? किमान तीन आठवडे आधी. युनिटचा ऍडमिशन डे (नवे पेशंट भरती करून घ्यायचा दिवस) शनिवारी किंवा रविवारी पडत नाही असा आठवडा निवडा. ड्युटी बदलायची असेल तर कोण कुणाची कधी करणार हे ग्रुपवर तारखेसकट लिहा आणि सिनिअरचा ‘ओके’ तिथेच घ्या. जिन्यात उभ्या-उभ्या झालेली बोली शुक्रवारी रात्री कुणालाच आठवत नाही.

गोव्यात बदलीचा एक सोपा मार्ग आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) इथला हिंदू सहकारी काहीही करून आपल्या मूळ गावच्या घरी जातो, नाताळला ख्रिस्ती सहकाऱ्याला घरी जायचं असतं. तुम्ही बाहेरून आलेले असाल आणि या दिवसांत तसेही घरी पोचणार नसाल, तर त्यांच्या ड्युट्या आपणहून घ्या. बदल्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला किंवा फेब्रुवारीतला एखादा जोडून आलेला शनिवार-रविवार मागा. हवा चांगली असते, गर्दी कमी असते आणि देणारा खुशीने देतो. २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात तर सुट्टी मिळाली तरी फिरायच्या भानगडीत पडू नये. खोल्यांचे दर गगनाला भिडलेले असतात आणि कळंगुटच्या रस्त्यावर गाडी तासन्‌तास हलत नाही.

दुसरं : डोकं वॉर्डात ठेवून निघू नका

शरीर सुट्टीवर आणि मन बेड नंबर सातपाशी, हे फार वेळा होतं. त्यावर एकच उपाय आहे, हँडओव्हर नीट देणं, म्हणजे आपले पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हाती नीट सोपवणं. अमेरिका-कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत ठरावीक पद्धतीने हँडओव्हर द्यायला शिकवल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पद्धत अवघड नाही. पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकीकत, कोणती कामं बाकी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं. शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं.

“बेड सात, डीकेए, बघ जरा” हा हँडओव्हर नव्हे (डीकेए ही मधुमेहातली गंभीर अवस्था). “बेड सात, डीकेए, इन्सुलिन इन्फ्युजन चालू. आठ वाजताचं पोटॅशियम लॅबला गेलंय. साडेतीनच्या खाली आलं तर इन्सुलिन थांबव, आधी पोटॅशियम दे. मुलगा बाहेर बसलाय, त्याला सगळं सांगितलंय.” असं सांगितलं की घेणाऱ्याला रात्री अडीच वाजता तुम्हाला फोन करावा लागत नाही. शेवटचं वाक्य तर विसरूच नका. नातेवाइकांना काय सांगितलंय हे माहीत नसलं की नव्या माणसाची अर्धी रात्र त्यातच जाते.

मग वॉर्डाचा ग्रुप म्यूट करा. अगदी अडलंच तर फोन करायला एकाच माणसाला सांगून ठेवा.

तिसरं : झोप, आणि गाडीची चावी

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे जीव जातो.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की सलग २४ तास जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.१० टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. नाइट करून, सकाळचा राउंड उरकून थेट गाडीवर बसणारा डॉक्टर या हिशेबाने मर्यादेच्या तिप्पट प्यायलेल्या माणसासारखा गाडी चालवतो, आणि त्याला कोणी अडवत नाही. अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांच्या २००५ च्या अभ्यासात २४ तासांहून लांब ड्युटीनंतर अपघात होण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. हॉस्टेलच्या दारातून राष्ट्रीय महामार्ग ६६ जातो. तेव्हा नाइटनंतरच्या दिवशी गाडी चालवायची नाही, हे मित्रांना आधीच कळवून टाका. “दहाच मिनिटांचा रस्ता आहे” ही सबब चालत नाही. डुलकी लागायला काही सेकंद पुरतात.

नाइटवरून सुटलात की पुढचं असं करा. कँटीनमध्ये हलकं खा. नाइटनंतर भाजी-पावासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे, पण पातळ भाजी आणि दोन पाव एवढ्यावर थांबा; मिरची भजी आणि तिसरा चहा संध्याकाळी. डोळ्यांवर गॉगल चढवून खोलीवर या, म्हणजे उन्हाने झोप उडत नाही. पडदे ओढा, पंखा मोठा करा, फोन दुसऱ्या टेबलावर ठेवा. दुपारी एक-दीडपर्यंत झोपा आणि मग उठाच. संध्याकाळी सातपर्यंत लोळत राहिलात तर रात्री तीनपर्यंत डोळा लागणार नाही आणि सुट्टीचा पहिला दिवस कामातून जाईल. उठल्याबरोबर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड राहतं, तेवढ्यात कोणतेही निर्णय घेऊ नका. आंघोळ करा.

दुपारी तीननंतर कॉफी नको. तिचा अर्धा अंमल उतरायलाच पाचेक तास लागतात. रात्री दारू घेतल्याने झोप लवकर लागते हे खरं, पण मध्यरात्रीनंतरची झोप तुटक होते. महिनाभराची झोप थकलेली असताना तर फारच जाणवतं. आणि वॉर्डातल्या कपाटातून झोपेची गोळी स्वतःच घेणं पूर्ण टाळा. आपल्या व्यवसायात त्या वाटेने जाणं फार सोपं आहे.

चौथं : मित्रांशी बोलणं निघण्याआधी

मित्रांना सकाळी बोलावू नका, संध्याकाळी बोलवा. रेल्वेने येत असतील तर बांबोळी-पणजीला करमळी स्टेशन सगळ्यात जवळ पडतं. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, म्हणून तिकीट काढतानाच बघून घ्या, नाहीतर थिवी किंवा मडगाव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू धावतात, हेही लक्षात ठेवा. विमानाने येणाऱ्यांना मोपा आणि दाबोळी यांतला फरक सांगा. मोपा पार पेडण्यात आहे, दाबोळी आपल्याला बरंच जवळ. कोल्हापूरकडून गाडीने येणारे आंबोलीने उतरतात, बेळगावहून येणारे चोर्ल्याने. दोन्ही घाटांत पावसात धुकं दाट असतं, अंधार पडायच्या आत उतरायला सांगा.

उतरायची जागा पणजीत, जुन्या गोव्यात किंवा दिवाडी बेटावर घ्या. मित्र हट्टाने बागा किनाऱ्यावर खोली घेतील, तर तुमची अर्धी सुट्टी त्यांच्याकडे जाण्या-येण्यात संपेल.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. एक, दोन दिवस कुणाच्या काकूचा एमआरआय बघणार नाही. सोमवारी पाठवा, नीट बघून सांगतो. दुसरी, तुम्ही मध्येच गप्प बसलात किंवा दुपारी खुर्चीतच झोपलात तर ते रागावून नव्हे. डॉक्टर नसलेल्या मित्रांची किंमत अशा वेळी कळते. त्यांच्यापाशी बसलं की आयसीयू, थिसिस आणि सिनिअरचा मूड सोडून जगात इतर गोष्टीही घडत असतात याची खात्री पटते. वॉर्डात आठवड्यात एखादा मृत्यू झाला असेल आणि तो मनात घोळत असेल, तर तो विषय मात्र दाबू नका. एकाला बाजूला घेऊन सांगा. पेशंटचं नाव-गाव न सांगता मन मोकळं करता येतं.

पाचवं : शनिवार दिवाडीवर

आता ठिकाणं. दमलेल्या माणसासाठी माझी पहिली पसंती दिवाडी बेट. बांबोळीहून जुनं गोवं फार लांब नाही. तिथे व्हाइसरॉयच्या कमानीखालून पुढे गेलं की फेरीचा धक्का. फेरी येते, समोरची लोखंडी फळी खडखडत धक्क्यावर पडते, आधी चालणारे उतरतात, मग स्कूटरी, मग गाड्या. इंजिनाची थरथर पायाला जाणवते, मांडवीचा वारा तोंडावर येतो आणि काही मिनिटांत पलीकडे. एवढ्याशा प्रवासाने माणूस किती सैल होतो ते बघा.

पलीकडे खाजनं (खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनी), भातशेती आणि बांधावरचा सपाट रस्ता. चढ फक्त पिएदादच्या चर्चचा. टेकडीवरून मांडवी आणि जुन्या गोव्याची शिखरं दिसतात. सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. भर दुपारी सावली कमी.

दिवाडी मराठी माणसाला आणखी एका कारणाने जवळची वाटावी. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या बेटावर होतं. पोर्तुगीजांच्या काळात ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नेला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्वे इथे देवळाचा जीर्णोद्धार करवला. दिवाडीच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याला जाणारी फेरी आहे. जुन्या गोव्याहून दिवाडी, दिवाडीहून नार्वे, आणि त्याच वाटेने परत : दोन फेऱ्या, एक बेट, एक देऊळ, दिवसभरात पुरे. शेवटची फेरी किती वाजता हे जातानाच धक्क्यावर विचारून घ्या. यादीत आणखी काही घुसवू नका.

पक्षी बघायची आवड असेल तर रायबंदरहून चोडणची फेरी घ्या. तिथल्या खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सकाळी लवकर जावं लागतं, म्हणून नाइटनंतरच्या दिवशी नव्हे, रविवारी.

ऑगस्टमधला चौथा शनिवार असेल तर दिवाडीवर बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो, बेट माणसांनी फुललेलं असतं. उत्साह असेल तर जरूर जा. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा.

सहावं : रविवारी फोंडा, नाहीतर दक्षिणेचा किनारा

आईचा फोन आलाच असेल, “गोव्यात राहून मंगेशीला गेला नाहीस?” तर रविवारी अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा परिसर. प्रियोळला मंगेशी, तिथून म्हार्दोळची म्हाळसा जवळच, आणि पुढे कवळ्याची शांतादुर्गा. गुडघे झाकतील असे कपडे घाला. मंगेशीची सात मजली दीपमाळ आणि म्हार्दोळच्या फुलकारांकडची जाईची फुलं, हे दोन्ही घाई न करता बघायचं. हा मुलूख गाण्याचा आहे. मास्टर दीनानाथ मंगेशीचे आणि जितेंद्र अभिषेकीही तिथलेच. जवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा भैरवीतला सूर १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेला. गाडीत त्यांचं काही लावा. मित्रांना हिंदी गाणी परतीच्या वाटेवर लावता येतील.

जेवण फोंड्यातच उरका. शाकाहारी मित्र असला तर त्याचं इथे छान होतं : खतखतं, सोलकढी, फोडी. मासे खाणाऱ्यांनी जून-जुलैमध्ये अपेक्षा थोड्या कमी ठेवाव्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताटातला इसवण (सुरमई) बर्फातला असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत नदीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) मागा.

समुद्रच हवा असेल तर दमलेल्या माणसाने बाणावली, वार्का, माजोर्डा या बाजूला जावं. वाळू लांबरुंद आहे आणि कळंगुटइतका गोंगाट नाही. आगोंद, पाळोळे सुंदर आहेत पण लांब आहेत. दोन रात्री हातात नसतील तर नकोत. दूधसागराचाही मोह आवरा. कुळ्याहून जीप, रांगा, चढउतार यांत पूर्ण दिवस जातो, पावसाळ्यात जीप बंद असतात, आणि रुळांवरून चालत जायला मनाई आहे.

पाण्यात उतरायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. संध्याकाळी जीवरक्षक गेल्यावर आणि जून ते सप्टेंबरमध्ये अजिबात नाही. पाणी आत ओढायला लागलं तर त्याच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि मग बाहेर या. दारू पिऊन पोहणाऱ्यांचं काय होतं ते कॅज्युअल्टीत तुम्ही बघितलेलं आहे, मित्रांनी नाही. तेव्हा हे त्यांना तुम्हीच सांगायचं, आणि गंभीरपणे सांगायचं. किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला गोव्यात बंदी आहे आणि दंडही होतो.

भाड्याची स्कूटर घ्याल ती काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. हेल्मेट दोघांनीही. अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, मांडवी ओलांडायला जुना पूल धरा.

शनिवारच्या रात्रीसाठी क्लब सोडून एक गोष्ट सुचवतो. कार्तिकापासून शिमग्यापर्यंत गावोगावी जत्रा असतात आणि देवळासमोरच्या मांडवात रात्री मराठी नाटकं होतात. गावच्याच माणसांनी जीव तोडून मेहनत घेऊन उभी केलेली. मराठी वर्तमानपत्रांच्या स्थानिक पानांवर कुठे काय आहे ते येतं. महिनोन्‌महिने घरी न गेलेल्या मुलाला तिथे अनोळखी माणसांत बसूनही आपल्यात बसल्यासारखं वाटतं. झोप यायला लागली की पहिल्या अंकानंतर उठा, कोणी काही म्हणत नाही.

सातवं : रविवार संध्याकाळ राखून ठेवा

पाचपर्यंत परत या. ही अट मोडायला मित्र हमखास आग्रह करतात, तरी मोडू नका. मित्रांना करमळीला सोडायचं असेल तर टॅक्सी करून द्या किंवा गाडी त्यांच्यापैकी न प्यायलेल्या कुणाला चालवू द्या. ऍप्रन धुऊन वाळत टाका, साधं जेवा. आठच्या सुमारास को-रेसिडेंटला एकच फोन : कोण बरं झालं, कोण बिघडलं, सकाळी काय लागेल. मग साडेदहाला दिवा बंद. सोमवारी नाइट असेल तर उलट, सोमवारी दुपारी दीड तास झोपायची सोय बघा.

दोन दिवस नीट झोपूनही थकवा जात नसेल, मित्र आले तरी आनंद होत नसेल, जेवण नकोसं वाटत असेल किंवा जगणंच नको असे विचार येत असतील, तर तो थकवा सुट्टीने जाणारा नाही. आपल्याच विभागातल्या कुणाशी बोलायची भीड वाटत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पेशंटला जे आपण सांगतो तेच स्वतःला लागू करा आणि फोन करा.

आणि सुट्टी एकच दिवसाची असेल तर? मग दुपारपर्यंतची झोप कायम ठेवा, मित्रांना पणजीतच बोलवा. चारला मळा या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून चालत निघा (घरांच्या ओट्यांवर चढून फोटो काढू नका, माणसं राहतात तिथे), सूर्यास्ताला मिरामारच्या वाळूवर बसा, पाण्यात न उतरता. येताना गाड्यावर एक रॉस ऑम्लेट (रश्श्यातलं ऑम्लेट) दोघांत, आणि साडेनऊपर्यंत हॉस्टेल.